मसाल्याची पाकिटं नकोत, पैसे देणारे ब्रँड कुठं मिळतेत?

येसरवाली_उदगीर

नमस्कार मंडळी. मी उदगीरजवळच्या एका खेड्यातली, पावणेदोन वर्षं झाली इन्स्टावर आपल्याकडच्या रेसिपी टाकायलेय. येसर (आमटीसाठी भाजून दळलेलं पीठ), धपाटे, शेंगोळे, तुरीच्या घुगऱ्या असलं सगळं, चुलीवरचंच. फॉलोअर ११ हजार ४०० झालेत, यूट्यूबवर २ हजार ३०० पण तिकडं माझं लक्ष कमी. मागच्या येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात कडब्याच्या कोपीसमोर बसून भज्जी आन आंबिलीचा रील केला होता, तो ३ लाखाच्या वर गेला, तवापासून ब्रँडचे मेसेज यायला लागले.

मेसेज म्हणजे काय, तर "मॅम तुमचं कंटेंट खूप आवडलं" आन खाली हळूच बार्टर, म्हणजे पैशाऐवजी वस्तू. एका मसालेवाल्यानं ३ पाकिटं पाठवली. कुरियरवाला गावात येत नाही म्हणून मी उदगीरला जाऊन पार्सल आणलं, जायायचे ८० रुपये माझेच, आन बदल्यात त्यांना पाहिजे होते २ रील आन ४ स्टोरी. बरं येसर मी घरी भाजून दळून करते, त्यासाठीच तर लोक बघतेत, त्यात त्यांचं पाकीट कुठं कोंबू? सासूबाई म्हणल्या, तीन पाकिटांचे दीडशे होतेत, दोन दिवस चूल पेटवलीस त्याचं सरपण तरी निघलं का.

आता एका प्लॅटफॉर्मवाल्याचा फोन आलाय. १ हजार ४९९ रुपये रजिस्ट्रेशन भरा, महिन्याला ५ पेड डील पक्के म्हणायलाय. हे नको म्हणतेत पण मला वाटायलंय एकदा करून बघावं का. खरंच पैसे देणारे प्लॅटफॉर्म कोणते, ११ हजारवाल्याला कुणी विचारतं का, आन मराठीच बोलते मी, हिंदी जमत नाही, तर चालतं का? किती मागायचे तेबी सांगा. काहीच कळेना गेलंय.

नांदेडी_गॅजेट

ताई पहिलं ते १४९९ खिशातच ठेवा. ज्याला तुमच्याकडून काम करून घ्यायचंय तो तुमच्याकडूनच पैसे कशाला घेईल? मजुरीला बोलावून मजुराकडूनच फी घेतल्यासारखं झालं ते. आजपर्यंत मी ज्या ज्या ठिकाणी नाव टाकलं तिथं कुठंच आधी पैसे लागले नाहीत, कापायचं ते कमिशन डील झाल्यावर कापतेत.

आता नावं सांगतो. सगळ्यात आधी इन्स्टाचं स्वतःचं क्रिएटर मार्केटप्लेस बघा, तिथं ब्रँड रील करणारे शोधतेत, २०२४ मध्ये ते भारतात सुरू झालं. अकाऊंट प्रोफेशनल करून घ्या, मग प्रोफेशनल डॅशबोर्डमध्ये शोधा, तुम्हाला दिसत असेल तर तिथं पोर्टफोलिओ भरायचा, विषय निवडायचे. ब्रँडचे मेसेज तिकडून आले की पार्टनरशिपच्या वेगळ्या फोल्डरात पडतेत, नेहमीच्या इनबॉक्समध्ये नाही, माझा एक मेसेज दीड महिना तिथंच पडून होता आन मी इकडं बोंबलत होतो की कुणी विचारत नाही.

यूट्यूबकडंबी ब्रँड आन क्रिएटरला जोडायची सोय आहे, तिला ब्रँडकनेक्ट म्हणायचे, त्याआधी फेमबिट, २०१६ ला गुगलनं विकत घेतलं ते. पण त्यासाठी आधी यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्राममध्ये, म्हणजे कमाईच्या योजनेत, बसावं लागतं. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ व्हिडिओ आन वर्षात ३ हजार तास वॉचटाइम किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यू, ही झाली पहिली पायरी. जाहिरातीचे पैसे पाहिजे असतील तर १ हजार सबस्क्रायबर आन ४ हजार तास, नाहीतर शॉर्ट्सचे १ कोटी. तुमचे सबस्क्रायबर तर दोन्हीला पुरतेत, अडकतं ते तासावर. लांब व्हिडिओ टाका ना, येसर भाजायला तसाबी अर्धा तास लागतो.

बाकी भारतातले म्हणाल तर वन इम्प्रेशन, कोफ्लुएन्स ह्यांच्यावर मी आहे. विशलिंक, अर्नकरो, अमेझॉनचं असोसिएट हे वेगळं प्रकरण, ते ॲफिलिएट, म्हणजे तुमच्या लिंकवरून वस्तू विकली तरच कमिशन. अमेझॉनवाले १८० दिवसांत ३ विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद करतेत. कढई, तवा, खलबत्ता ह्याच्या लिंका टाकून बघा, पण त्याला ब्रँड डील समजू नका.

खरं सांगायचं तर दोन वर्षांत मला सगळ्या ॲपवरून मिळून ५ कामं आली, त्यातली ३ एकाच दिवाळीत. प्रोफाईल भरून ठेवायची आन विसरून जायचं.

मोसंबीवाला_अंबड

वरच्या भावानं नावं बरोबर सांगितली पण शेवटचं वाक्य पहिलं लिहायला पाहिजे होतं. मी शेतीचं चॅनल चालवतो, मोसंबी, तूर, कपाशी. १९ हजार सबस्क्रायबर. सुरुवातीला मीबी सहा ॲपवर नाव टाकून रोज सकाळी उठल्याबरोबर तेच उघडून बसायचो, जसं काय बाजारभाव बघतोय. तिथं सगळे कॅम्पेन शाम्पू, फेसवॉश आन लोन ॲप. मोसंबीवाल्याला फेसवॉश कोण देणार?

मला पहिला पैसा मिळाला तो आमच्या तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रवाल्याकडून. ठिबकचं सामान ठेवतो तो. मी त्याच्याकडूनच लॅटरल (ठिबकची नळी) घेतलं होतं, पैसे मोजून घेतलं होतं, त्याचा व्हिडिओ असाच टाकला. आठ दिवसांनी तोच म्हणला, दादा तुझा व्हिडिओ बघून भोकरदनहून गिऱ्हाईक आलं. मग मी म्हणलो पुढच्या वेळी पैसे लागतील. दीड हजार दिले, काउंटरच्या गल्ल्यातून काढून. त्याच्याकडं कंपनीचा फिल्ड ऑफिसर यायचा त्याच्याशी ओळख झाली, त्यानं एरिया मॅनेजरला सांगितलं, आन जालन्यात बियाण्याच्या कंपन्या काय कमी आहेत का. आज मला जे मिळतंय ते सगळं त्या एका गल्ल्यातून निघालंय. आन टायमिंग बघा, आमच्यात खर्च होतो पेरणीच्या आधी, एप्रिल ते जून, जुलैत जाऊन विचारलं तर म्हणतेत बजेट संपलं. तुमच्यात बहुतेक दिवाळी आन उन्हाळी वाळवणाच्या टायमाला असंल.

एक वाईट अनुभव पण सांगतो. एका कंपनीनं फळगळ थांबवायच्या औषधाचा व्हिडिओ मागितला, ८ हजार देतो म्हणले, स्क्रिप्ट त्यांची. त्यात वाक्य होतं, "१० दिवसांत फळगळ बंद". मी म्हणलो माझ्या बागेत आधी मारून बघतो. नाही म्हणले, घाई आहे. मी सोडलं. दुसऱ्या कुणीतरी केला तो व्हिडिओ. आमच्या शेजारच्या गावातला एक जण ती बाटली आणून माझ्या दारात उभा, म्हणला तुम्ही शेतीचे व्हिडिओ करता ना, मग हे सांगा, गळ काय थांबंना. त्याच्या पिशवीत गळलेल्या मोसंब्या होत्या, लिंबाएवढ्या, हिरव्यागार. तो व्हिडिओ माझा नव्हता तरी मला मान वर करता येईना. पुण्यामुंबईचा क्रिएटर असतो त्याच्या दारात कुणी येत नाही, आपल्या येतंय.

ताई, उदगीरच्या मोंढ्यात, बाजारपेठेत, एक चक्कर मारा. डाळ मिलवाले, तेलघाणीवाले, पितळी भांड्यावाले. ॲप नंतर.

बस_परभणीकर

जगात जर्मनी भारतात परभणी, पण ब्रँडला आमचा पिनकोड टाकला की डिलिव्हरी नॉट अव्हेलेबल 😄 मला एका कंपनीनं बार्टरमध्ये फ्रिजर पिशव्या पाठवल्या, आमच्याकडं उन्हाळ्यात लाईट किती असती हे त्यांना कोण सांगणार. बाकी चालू द्या, वाचायलोय.

येसरवाली_उदगीर

दादा तुमचं ते बाटलीचं वाचून अंगावर काटा आला. १४९९ नाही भरले. फोन उचलला नाही तर दिवसभरात ९ मिस कॉल केले त्यानं, मग ब्लॉकच केला.

पण मोंढ्यात जाऊन काय बोलायचं हो? मला लाज वाटते. आन रेट विचारला तर तोंडातून पहिलं "तुम्हीच सांगा" निघतं.

कॅम्पेनवाली_सिडको

मी छत्रपती संभाजीनगरला असते, ४ वर्षं एका एजन्सीत इन्फ्लुएन्सर शोधायचंच काम केलं, आता सोडलंय. त्यामुळं पलीकडच्या टेबलावरून सांगते.

आमच्याकडं ब्रीफ यायचं ते असं: महाराष्ट्र, फूड, १० ते ५० हजार फॉलोअर, १५ जण, परवापर्यंत लिस्ट. बस. मग मी काय करायचे, प्लॅटफॉर्मवर फिल्टर लावायचे आणि सोबत इन्स्टावर सरळ "लातूर फूड", "मराठवाडा रेसिपी" असं सर्च मारायचे. बायोत जिल्हा नसेल, भाषा नसेल, मेल नसेल तर पुढची प्रोफाईल. वेळच नसायचा. तर बायोतल्या बदामाच्या आणि फुलांच्या इमोजी काढा आणि लिहा: लातूर धाराशिवकडचं चुलीवरचं जेवण, मराठी, कामासाठी मेल अमुक. मराठीचं तर टेन्शनच घेऊ नका, हिंदीवाले ढिगानं मिळायचे, ग्रामीण मराठी बोलणारी बाई शोधायला आम्हाला घाम फुटायचा.

दुसरं, येळवशीच्या ३ लाखाच्या रीलचा स्क्रीनशॉट सगळ्यांना पाठवू नका. आम्ही तो बघतच नव्हतो, शेवटचे १० रील उघडायचे, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्यायचे, उरलेल्यांचे व्ह्यू बघायचे. तेच तुमचं खरं वजन. आणि इन्साइट्समध्ये, म्हणजे इन्स्टा दाखवतं त्या आकडेवारीत, बघणाऱ्यांची शहरं बघा. मी पैजेवर सांगते तुमच्यात पुणे पहिलं किंवा दुसरं असणार. शिकायला, कंपनीत, इथून तिकडं गेलेली पोरं. येसर आमटी बघून त्यांना घर आठवतं, आणि त्यांच्या हातात पगार असतो. ब्रँडला हेच विकायचं असतं. "माझे ११ हजार आहेत" असं म्हणण्यापेक्षा "माझे एवढे टक्के लोक पुण्यात आहेत आणि ते गावाकडची चव शोधतात" म्हणा, समोरच्याचा आवाज बदलतो.

आता रेट. मी स्वतः तुमच्या साइजच्या फूडवाल्यांना एका रीलचे २ ते ६ हजार देताना पाहिलेत, सहा मागणाऱ्याला सहा आणि दोन मागणाऱ्याला दोन. कुणीही उदारपणे वाढवून दिले नाहीत. "तुम्हीच सांगा" म्हणलात की आम्ही आमच्या शीटमधला सगळ्यात खालचा आकडा सांगायचो, हे आज कबूल करते. आणि करायचे पैसे वेगळे, वापरायचे वेगळे. तुमच्या अकाऊंटवर रील टाकणं हे एक काम. तोच रील त्यांनी पैसे लावून जाहिरात म्हणून चालवणं, वेबसाइटवर टाकणं हे दुसरं काम, त्याची मुदत ठरवायची, ३० दिवस म्हणा, ६० म्हणा. करारात "कायमस्वरूपी" आणि "सर्व माध्यमांत" असे शब्द दिसले की तिथंच थांबा. आमच्या एका क्रिएटरचा चेहरा दोन वर्षं एका जाहिरातीत फिरत होता, तिला एकदाच मिळाले साडेतीन हजार.

गाणं पण बघा. ट्रेंडिंग ऑडिओ तुम्ही स्वतःच्या रीलला लावता तो वेगळा, पैसे घेऊन केलेल्या रीलला लायसन्सचा प्रश्न येतो. तुमच्याकडं तर चुलीचा आणि भाकरी थापायचा आवाज आहे, तोच ठेवा.

आणि जाहिरात असेल तर जाहिरात म्हणून लिहायचं, इन्स्टाचं पेड पार्टनरशिपचं लेबल लावायचं. फुकट पाकीट आलं तरीसुद्धा लिहायचं, हे पुष्कळ जणांना माहीत नाही. जाहिरातवाल्यांच्या एएससीआयचे नियम २०२१ पासून आहेत, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे २०२२ आणि २०२३ चे आहेत, आणि फसवी जाहिरात केली तर १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. मराठी रीलवर मराठीत "जाहिरात" लिहिलं तरी चालतं, ते हॅशटॅगच्या ढिगात शेवटी लपवलेलं चालत नाही. रमी, पैशाचे गेम असले मेसेज आले तर उत्तरच देऊ नका, २०२५ च्या कायद्यानं त्याची जाहिरात करणंसुद्धा गुन्हा आहे. भरपूर पैसे देतो म्हणतात म्हणून सांगतेय.

राहिलं एक. कोलॅबच्या नावानं मेल येतो, त्यात "करार वाचा" म्हणून झिप फाईल असते. उघडली की चॅनल गेलं. ओटीपी मागणारा कुठलाच ब्रँड नसतो. पैसे गेले तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन, उद्यावर ढकलायचं नाही.

लातूरचा_हिशोबनीस

सगळं झालं, पैसे आल्यावर काय होतंय तेबी ऐका, कारण माझ्याकडं पोरं मार्चअखेरला येतेत आन म्हणतेत कंपनीनं माझे पैसे खाल्ले. खाल्ले नसतेत, टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापलेला असतो. व्यावसायिक फी धरली तर १० टक्के, एका कंपनीकडून वर्षात ५० हजाराच्या वर गेलं की, एप्रिल २०२५ च्या आधी ती मर्यादा ३० हजार होती. काही जण जाहिरातीचं कंत्राट धरून १ टक्काच कापतेत. पॅन दिला नाही तर सरळ २० टक्के, म्हणून पॅन द्या. नवीन कर पद्धतीत १२ लाखापर्यंत अशा उत्पन्नावर करच लागत नाही, मग कापलेला टीडीएस रिटर्न भरून परत घ्यायचा. रिटर्नच भरलं नाही तर ते पैसे सरकारजमा, आन ह्या बाबतीत आपली पोरं लई दिलदार आहेत.

बार्टरलाबी कर आहे बरं का. जुलै २०२२ पासून एका कंपनीकडून वर्षात २० हजाराच्या वर किमतीची वस्तू मिळाली आन तुम्ही ती ठेवून घेतली तर तिच्यावर १० टक्के टीडीएस. मसाल्याच्या पाकिटांना काय होत नाही, मोबाईल घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा. जीएसटीचं म्हणाल तर सेवेला वर्षाची उलाढाल २० लाख होईपर्यंत साधारण लागत नाही.

आन ताई, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून घ्या. सरकारी पोर्टलवर फुकट आहे, आधार आन पॅन लागतं, बाहेर हजार दोन हजार घेतेत ते उगाच. काम घ्यायच्या आधी नोंदणी असली की समोरच्या कंपनीला तुमचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, लेखी करार नसला तर १५. नाही दिलं तर छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, व्याजासकट. माझ्या एका गिऱ्हाइकाचे २२ हजार सात महिने अडकले होते, मेलमध्ये उद्यम नंबर टाकून फक्त एवढं लिहिलं की ४५ दिवस उलटलेत, आठवड्यात जमा. म्हणून बिल लिहून द्यायचं, नंबर आन तारीख टाकून, व्हॉट्सॲपवर "दादा पैसे टाका ना" म्हणू नका.

येसरवाली_उदगीर

तीन आठवड्यांनी लिहायलेय, उशीर झाला, घरी लग्न होतं.

सिडकोच्या ताई, पैज तुम्ही जिंकली. पुणे ३१ टक्के, लातूर १४. मी तर समजायले होते सगळे इथलेच बघतेत. बायो बदलला, उद्यमचं पोरानं मोबाईलवरच करून दिलं. मार्केटप्लेसवर नाव टाकलंय, अजून कुणाचं काही नाही.

पण मोंढ्यात गेले. दोन दुकानांसमोरून तशीच परत आले, तिसरा लाकडी घाण्यावाला होता, करडईचं तेल काढतो, आम्ही तिथूनच नेतो आधीपासून. त्याला पुण्याचे ३१ टक्के दाखवले. तो म्हणला पुण्याला माझे महिन्याला चार डबे जातेत पाहुण्यारावळ्यांकडं, तेवढेच. रेट विचारला तवा घशाशी "तुम्हीच सांगा" आलं होतं, आवंढा गिळला आन ३ हजार म्हणले. अडीचवर ठरलं, अर्धे तिथंच फोनपेवर टाकले. त्याला एका लग्नातल्या गाण्यावर पाहिजे होता रील, मी म्हणलं नाही, धपाटं तव्यावर चर्र वाजतं तेच ऐकवू. व्हॉट्सॲपवर सगळं लिहून घेतलं.

आता त्याचा पोरगा म्हणायलाय की रील माझ्याच अकाऊंटवरून महिनाभर पैसे लावून चालवतो. ह्याचे किती मागू?

कॅम्पेनवाली_सिडको

वा! ३० दिवसांचे वेगळे हजार मागा, आठशेवर तयार झाला तर द्या, पहिलंच गिऱ्हाईक आहे आणि ओळखीचं आहे. सुरू कधी, बंद कधी, दोन्ही तारखा लिहून घ्या. पासवर्ड मात्र पोराला देऊ नका, इन्स्टात पार्टनरशिप ॲडची परवानगी देता येते, त्याला लॉगिन लागत नाही.

आणि डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, १४ आकडी नंबर आहे ना ते बघा. नसेल तर रील थांबवा.

येसरवाली_उदगीर

बघितला, आहे. बोट ठेवून मोजले, १४ च आहेत. हजार म्हणले, साडेआठशेवर आला.